वॉकर कुठे चालला होता?

ओढ्याकाठी
नमस्कार मंडळी. वाचनमात्र राहून कंटाळलो, म्हणून पहिला धागा.

सहा वर्षं झाली, यॉर्कशरमध्ये हडर्सफील्डजवळ राहतो. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक वॉकर बसतो. माणूस भला, पण चालण्याचं आणि त्याचं वाकडं. लिफ्ट बंद असली की जिन्याकडे असं बघतो की जणू कुणी सुतकाची बातमी दिली आहे. त्याला एकदा गमतीत म्हटलं, तुमच्या घराण्यात कुणीतरी भरपूर चालणारा होऊन गेला असणार. तर म्हणाला, "चालायचा, दिवसभर चालायचा. पण कुठे पोचायचा नाही."

मग कळलं ते असं. वॉकर हे धंद्यावरून पडलेलं आडनाव आहे, आणि तो धंदा रस्त्यावरचा नाही, हौदातला. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड अंगावर घालण्याच्या लायकीचं नसतं. वीण सैल, आरपार दिसेल अशा फटी, त्यात मेंढीच्या अंगचं तेल आणि सूत कातताना वरून लावलेलं तेल-लोणी. ते कापड हौदात टाकायचं, पाणी घालायचं, एक विशिष्ट माती घालायची आणि शिळं मूत घालायचं. (जेवत असाल तर क्षमस्व.) मग गुडघ्यापर्यंत कपडे वर करून दोघातिघांनी त्यात उतरायचं आणि तासन् तास तुडवायचं. तेल निघून जातं, तंतू एकमेकांत गुंततात, कापड आक्रसून जाड आणि घट्ट होतं. हे करणारा तो वॉकर.

गंमत पुढे आहे. याच माणसाला इंग्लंडच्या आग्नेयेला, म्हणजे केंट, ससेक्सकडे, 'फुलर' म्हणत. नैर्ऋत्येला, डेव्हन-सॉमरसेटकडे, 'टकर'. उत्तरेत, पश्चिम मिडलँड्समध्ये आणि स्कॉटलंडात 'वॉकर'. काम तेच, हौद तोच, वासही तोच, आडनावं तीन. आज लोक कुठूनही कुठे गेलेत, तरी टकर भेटला तर त्याचा खापरपणजोबा डेव्हनकडचा असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे बोलीभाषांचे नकाशे काढतात ना, तसा हा नकाशा माणसांच्या आडनावांत उरला आहे.

गेल्या महिन्यात मुद्दाम लँकशरमधल्या हेल्मशोरला जाऊन आलो. १७८९ सालची कापड तुडवायची पाणचक्की तिथे संग्रहालय म्हणून जपली आहे. मोठं पाणचाक, त्याच्या जोरावर उचलले जाणारे लाकडी घण. एकेक घण माणसाच्या उंचीचा, खालचं टोक पायऱ्या-पायऱ्यांसारखं खाचा पाडलेलं. मी विचारलं, खाचा कशाला? दाखवणारे काका म्हणाले, घण नुसता आदळला तर कापड एकाच जागी मार खाऊन फाटेल. खाचांमुळे प्रत्येक ठोक्याला ते हौदात थोडं फिरतं, नवी बाजू वर येते. पायांनी तुडवणारा माणूस हेच नकळत करायचा.

ज्यांना आडनावांचं वेड आहे त्यांनी भर घालावी.

खमंग_काकडी
वा, छान धागा. आणि मला आत्ता कळलं की माझा नवरा वॉकर आहे. गेल्या थंडीत माझा शुद्ध लोकरीचा स्वेटर त्याने मशीनमध्ये साठ डिग्रीला लावला. बाहेर निघाला तो आमच्या पाच वर्षांच्या मुलीच्या मापाचा, आणि इतका घट्ट की टेबलावर उभा राहील.

ओढ्याकाठी
अगदी तेच! लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, माशासारखे. गरम पाणी, साबण आणि आपटणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. तुमच्या यजमानांना मध्ययुगात चांगला रोजगार मिळाला असता.

कोकणी_वाघूळ
ते मूत कुणाचं म्हणालात?

ओढ्याकाठी
गावाचं. घराघरांतून पिंप फिरवून गोळा करत. शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलाला धरून साबणासारखं काम करतो. लँकशरमध्ये या मालाला 'लांट' असा स्वतंत्र शब्द होता.

कोकणी_वाघूळ
म्हणजे गावातला प्रत्येक जण उद्योगाला हातभार लावत होता. हात म्हणायचं म्हणून.

जुनापुराणा
धागा उत्तम, पण एक दुरुस्ती करतो. राग मानू नये.

'कापडावर चालत म्हणून वॉकर' हे ऐकायला गोड आहे, पण गाडी उलटी जोडली आहे. जुन्या इंग्रजीत 'वेआल्कान' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ चालणं नव्हे. लोळवणं, घुसळणं, उलटंपालटं करणं. समुद्राच्या लाटा करतात ते. कापड घुसळणारा तो 'वेआल्केरे'. हा शब्द जुन्या इंग्रजीतच आहे. पायांनी चालणं हा अर्थ त्या क्रियापदाला नंतर चिकटला, साधारण तेराव्या शतकाच्या सुमारास. म्हणजे कापड मळणाऱ्याचं नाव आधीचं आणि इंग्रजांचं 'वॉक' नंतरचं. वॉकर चालत होता म्हणून वॉकर झाला नाही. उलट सगळे इंग्रज आज जे करतात त्याला शब्द मिळाला तो याच घुसळण्याच्या घराण्यातून.

'फुलर' लॅटिन 'फुल्लो'वरून आला, आणि पुढे फ्रेंचमधल्या तुडवणे या अर्थाच्या शब्दाने त्याला बळ दिलं. 'टकर'चं मूळ सगळ्यात क्रूर. जुन्या इंग्रजीतलं 'तुकियान', म्हणजे छळणे, हाल करणे. कापडाला विचारलं असतं तर त्याने हेच नाव पसंत केलं असतं.

म्यूनिकची_माई
जुनापुराणा काकांना दुजोरा. जर्मनमध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे! इथे 'वाल्कन' म्हणजे लोकर मळून घट्ट करणं. लेक झाली तेव्हा इथल्या मैत्रिणींनी पहिला सल्ला दिला तो 'वाल्क-ओव्हरऑल' घे. डोक्यापासून पायापर्यंत एकच लोकरीचा पोशाख, शिवण कमी, कापड असं की वारा आत शिरत नाही आणि भुरभुर पाऊस वरच्या वर झटकला जातो. उणे पाचमध्ये बाबागाडीत लेक त्यात गाढ झोपायची. मोठ्यांसाठी 'वाल्कयाके' मिळतं, म्हणजे जाकीट. मी इतकी वर्षं समजत होते की हे चालायला जायचं जाकीट!

आमच्या बिल्डिंगमध्येही एक वाल्कर आडनावाचे आजोबा आहेत. ते मात्र रोज दहा किलोमीटर चालतात.

शेपूची_भाजी
माई, तुमचा शेवटचा मुद्दा जुनापुराणांची सगळी व्युत्पत्ती पाण्यात घालणारा आहे.

हळदीचा_पेव
एक शंका. मी कुठेतरी वाचलं होतं की वॉकर म्हणजे राजाच्या जंगलात गस्त घालणारा रखवालदार. जंगलाच्या त्याच्या वाट्याच्या भागाला 'वॉक' म्हणत. ते खोटं का?

जुनापुराणा
तसे रखवालदार होते, त्यांना तसं म्हणतही. पण तो वापर बराच उशिराचा, पंधराव्या शतकाच्या अखेरीकडचा. तोवर वॉकर आडनाव पिढ्यान् पिढ्या रुजलेलं होतं. शिवाय नकाशा बघा. राजाची जंगलं दक्षिणेतही भरपूर होती. रखवालदारावरून नाव पडलं असतं तर हँपशरात वॉकरांची दाटी हवी होती. दाटी आहे ती उत्तरेत आणि मिडलँड्समध्ये, जिथे कापड मळणाऱ्याला वॉकर हाच शब्द होता. आणि आज इंग्लंडच्या पहिल्या वीस आडनावांत वॉकर बसतं. एवढे रखवालदार ठेवले असते तर हरणांना उभं राहायला जागा उरली नसती.

हळदीचा_पेव
हरणांचा मुद्दा पटला.

खमंग_काकडी
ती 'विशिष्ट माती' कोणती ते कुणी सांगितलंच नाही. माझ्या डोक्यात काहीतरी वळवळतंय.

ओढ्याकाठी
तिला इंग्रजीत 'फुलर्स अर्थ' म्हणतात, फुलरची माती. तेल शोषून घेणारी चिकणमाती. सरेमध्ये रेडहिल-नटफील्डला आणि बाथच्या आसपास तिच्या खाणी होत्या. तिला इतका भाव होता की ती देशाबाहेर न्यायला एके काळी बंदी होती, परदेशी विणकरांच्या हाती लागू नये म्हणून.

खमंग_काकडी
म्हणजे मुलतानी माती!! माझ्या फेसपॅकच्या पाकिटावर बारीक अक्षरात हेच लिहिलंय. दर रविवारी मी तोंडाला फुलरची माती लावते आणि लोकरीसारखी आक्रसते.

शेपूची_भाजी
दुसरा घटक विसरू नका काकडीताई, त्याशिवाय पूर्ण परिणाम यायचा नाही.

खमंग_काकडी
शेपू, तुझं नाव तुला शोभतं.

नगरी_घंटा
आमच्या घरचा एक संदर्भ. मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, येशूचं रूपांतर होतं तेव्हा त्याची वस्त्रं इतकी शुभ्र होतात की पृथ्वीवरच्या कोणत्याही परटाला तशी करता येणार नाहीत, असं वाक्य आहे. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ होतं. पुढे कॉलेजात इंग्रजी बायबल वाचलं तर तिथे परीट नाहीच, 'फुलर' आहे. मला वाटलं कुणा फुलर नावाच्या माणसाबद्दल आहे! मराठीत भाषांतर करणाऱ्यांपुढे अडचण दिसते. आपल्याकडे लोकरीचं कापड तुडवणारा असा वेगळा धंदेवाईक नाही, मग जवळचा कोण, तर परीट. पण फुलर मळके कपडे धूत बसणारा नुसता परीट नव्हता. कोरं कापड त्याच्या हातून, म्हणजे पायातून, गेल्याशिवाय पुरं होत नसे. अर्थात रोममध्ये ही माणसं वापरलेले कपडेही धुवायची, त्यामुळे परीट अगदी चूक नाही.

जुनापुराणा
नगरी, सुंदर. रोमचं निघालंच आहे तर पाँपेईत त्यांची दुकानं सापडली आहेत, हौदांसकट. भिंतीवरच्या चित्रात माणसं हौदात उभी राहून कापड तुडवताना दिसतात. तत्त्वज्ञ सेनेका व्यायामाचे प्रकार सांगताना एका उडीला 'फुलरची उडी' म्हणतो. म्हणजे हे पाय आपटणं साऱ्या शहराच्या डोळ्यांसमोरचं असणार. आणि सम्राट व्हेस्पेसियनने सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या मालावर कर बसवला. मुलगा टायटस नाक मुरडायला लागला तेव्हा बापाने करातलं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, वास येतोय का?

सांगायचं खरं ते लँगलंडचं. चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यात तो म्हणतो की मागावरून आलेलं कापड अंगावर घालण्याजोगं नसतं. ते पायाखाली किंवा घणांखाली मळावं, पाण्यात धुवावं, काटेरी बोंडांनी खरवडावं, ताणावं, मग शिंप्याच्या हाती द्यावं. बाप्तिस्मा न झालेलं मूल तसंच, असं त्याला पुढे म्हणायचं आहे. मला त्यातला दाखला जास्त आवडतो. दोनचार ओळींत कापडाचा अख्खा बाजार उभा आहे. 'पायाखाली किंवा घणांखाली' यातला 'किंवा' पाहा. त्याच्या काळी दोन्ही चालू होतं.

ओढ्याकाठी
काका, त्या 'किंवा'वर मला बोलायचं होतंच. हेल्मशोरला मला वाटलं होतं की घणांची चक्की म्हणजे औद्योगिक क्रांतीची देणगी. नाही! इंग्लंडात ती बाराव्या शतकात आली. टेंपलर या धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने ११८५ साली आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, तिच्यात यॉर्कशरमधल्या आणि ग्लॉस्टरशरमधल्या अशा चक्क्यांची नोंद आहे. ओढ्यावर चाक बसवायचं, चाकाच्या आसावरचे ठोकळे घण उचलतात आणि सोडतात. एक माणूस नुसता लक्ष ठेवायला.

आता हिशोब करा. आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकात. म्हणजे ज्या पिढ्यांत 'वॉकर' कायमचं चिकटलं, त्यातल्या पुष्कळांचे पाय केव्हाच कोरडे झाले होते. ते चक्कीवाले होते. कामातून पाय गेले आणि नावात राहिले.

हळदीचा_पेव
शहरातल्या तुडवणाऱ्यांनी हे मुकाट सोसलं?

ओढ्याकाठी
छे. १२९८ साली लंडनच्या फुलरांनी तक्रार केली की शहरातलं कापड बाहेर, स्ट्रॅटफर्डच्या चक्क्यांवर जातंय आणि आमचे हौद ओस पडलेत. चक्कीवर मळलेलं कापड बिघडतं, हेही जोडीला होतंच. शहराने तसं कापड बाहेर पाठवायला मज्जाव केला. पण ओढा शहरात आणता येत नाही. धंदा हळूहळू डोंगराळ, वाहत्या पाण्याच्या भागांत सरकला. आमचं यॉर्कशर त्यातूनच वर आलं. इथे दर मैलाला एक ओढा आहे आणि दर ओढ्याला एक पडकी गिरणी.

कोकणी_वाघूळ
वेल्समधलं टोनिपँडी गाव म्हणजे 'चक्कीचं माळरान', असं तिथल्या एका टॅक्सीवाल्याने मला सांगितलं होतं. वेल्शमध्ये 'पँडी' म्हणजे हीच कापड मळायची चक्की. गावाचं नाव इतिहासात आलं ते मात्र १९१० च्या खाणकामगारांच्या दंगलीमुळे. मेंढ्या विस्मरणात गेल्या, कोळसा लक्षात राहिला.

म्यूनिकची_माई
स्कॉटलंडच्या बायका राहिल्याच की! पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर ट्वीड मळायचं काम बायका करायच्या. लांब फळीभोवती दोन्ही बाजूंना बसायचं, ओलं कापड फळीवर आपटायचं आणि शेजारणीकडे सरकवायचं, म्हणजे कापड गोल गोल फिरत राहतं. आणि सगळं गाण्याच्या ठेक्यावर. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या ध्रुवपद उचलतात. यूट्यूबवर जुनी ध्वनिमुद्रणं आहेत. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवून डोळ्यांत पाणी आलं. भाषा गेलिक, एक शब्द कळला नाही, पण हात कुठे आपटतोय ते बरोबर कळतं. एका बैठकीत तेच गाणं दोनदा म्हटलं तर अपशकुन, अशी समजूत होती. त्यामुळे बायकांना गाणी किती पाठ असतील बघा.

शेपूची_भाजी
सासूचं नाव घालून नवीन ओव्या रचायची सोय असणारच. गाणी संपायची भीती नाही.

गोट्या_इंदूरकर
इतके प्रतिसाद झाले आणि आमच्या गावचा माणूस कुणाला आठवला नाही याचा निषेध. जॉनी वॉकर! इंदूरचा बद्रुद्दीन काझी, मुंबईत बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. प्रवाशांना हसवता हसवता सिनेमात आला, दारुड्याची नक्कल झक्क करायचा म्हणून गुरुदत्तने व्हिस्कीच्या बाटलीवरचं नाव दिलं. बाटलीवर ते आलं किल्मार्नकच्या जॉन वॉकरवरून, १८२० साली त्याने वाण्याचं दुकान घेतलं होतं. आणि वाण्याकडे आलं कापड मळणाऱ्या कुणा स्कॉटिश पूर्वजाकडून. हौद ते दुकान ते बाटली ते दादर.

ओढ्याकाठी
इंदूरकर, दंडवत. बाटलीवरचा तो टोपीवाला लांब टांगा टाकत जातो ना, तो १९०८ साली टॉम ब्राउन या चित्रकाराने काढला. त्यानेही 'वॉकर'चा अर्थ चालणाराच घेतला. तो एका जागी उभा राहून पाय आपटताना काढला असता तर नावाला धरून झालं असतं, पण विकला गेला नसता.

जुनापुराणा
आपल्या इतिहासातले दोघे मीही नोंदवतो. अलेक्झांडर वॉकर हा स्कॉटिश अधिकारी गायकवाडांच्या दरबारी बडोद्याला कंपनीचा रेसिडेंट होता. काठेवाडातल्या खंडणीची व्यवस्था त्याने १८०७ साली लावली, ती 'वॉकर सेटलमेंट' म्हणून ओळखली जाते. दुसरा मुंबईतला. हायकोर्टाची ती दगडी इमारत, १८७८ साली पुरी झालेली, तिचा आराखडा कर्नल फुलर या इंजिनिअरचा. एक बडोद्यात, एक मुंबईत, आणि दोघांची आडनावं एकाच हौदातली.

नगरी_घंटा
टकर कुठाय?

जुनापुराणा
टकर एक्झिटरला भेटेल. तिथे विणकर, कापड मळणारे आणि कापड कातरणारे यांच्या मंडळाची १४७१ सालची वास्तू आहे, 'टकर्स हॉल' नावाची. अजून उभी आहे. लंडनमध्ये असती तर हिला फुलर्स हॉल म्हटलं असतं.

हळदीचा_पेव
म्हणजे आपल्या पोतनीस, फडणीस, कुलकर्ण्यांसारखंच की. काम गेलं, नाव राहिलं.

जुनापुराणा
थोडा फरक आहे. ती दरबारातली आणि वतनाची नावं, त्यांच्यामागे मान होता. वॉकरमागे काय होतं ते वर वाघूळने विचारून झालंय. धंद्याशीच तुलना करायची तर रंगारी, तांबट, कासार घ्या. आणि इंग्लंडात मुलगा बापाचाच धंदा करेल असं नव्हतं. यॉर्कशरच्या १३७९ च्या पोल टॅक्सच्या, म्हणजे डोईपट्टीच्या, याद्यांत नावासमोर धंदाही लिहिलेला सापडतो, आणि नाव एक, काम दुसरं, अशी माणसं तेव्हाच दिसायला लागतात.

अवांतर: वेबस्टर विणकर, लिस्टर रंगारी, शर्मन कापड कातरणारा. शेवटी 'स्टर' असलेली नावं मुळात बायकांच्या कामाची, हे सहसा लक्षात येत नाही.

शेपूची_भाजी
लिस्टरवर वेगळा धागा काढा काका. इथे अजून ताणायचं राहिलंय.

ओढ्याकाठी
हो, ताणायचं खरंच राहिलं. मळून झालेलं ओलं कापड तसंच वाळवलं तर वेडंवाकडं होतं. म्हणून माळावर लांबच लांब लाकडी चौकटी रोवलेल्या असत, वर-खाली ओळीने आकडे. कापडाच्या कडा आकड्यांत अडकवून ताणून वाळवायचं. त्या चौकटीला 'टेंटर'. लेखक डॅनिएल डिफो १७२० च्या दशकात हॅलिफॅक्सच्या बाजूने गेला, तर जवळजवळ प्रत्येक घरापुढे टेंटर आणि टेंटरवर कापड. उन्हात सगळी टेकडी पांढरी दिसत होती म्हणे. लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये टेंटर ग्राउंड नावाची गल्ली आजही आहे. काळजीने जीव टांगणीला लागला की इंग्रज म्हणतो, मी टेंटरच्या आकड्यांवर आहे.

आमच्या वॉकरला हा धागा दाखवला. अक्षर कळेना, पण किती प्रतिसाद आलेत ते बघून खूश झाला. फक्त म्हणाला, लिफ्टचं कुणी काही लिहिलंय का?

खमंग_काकडी
टेंटरचं वाचून आशा पालवली. स्वेटर कोमट पाण्यात भिजवला, जुन्या नोटिस बोर्डावर चारी बाजूंनी ताणून टाचण्या मारल्या, दोन दिवस गॅलरीत ठेवला. डावी बाही चार बोटं लांब झाली. उजवी तशीच आहे. लेक म्हणते, आता तो तिलाही नको.